सोवळ्यातली गाणी

जुने गाणे पुन्हा गाऊ नये. गायचेच असेल तर जसेच्या तसे गावे. आणि पियानो, डबल बास, सॅक्सोफोन असली वाद्ये त्याच्या आसपासही फिरकू देऊ नयेत. आमच्या सांगली भागात हा फतवा अधूनमधून निघत असतो. तो कोणा एकाच्या सहीने निघत नाही, त्यामुळे त्याला उत्तर देण्याच्या फंदातही कोणी पडत नाही. दिवाळी पहाट संपली की नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर तो ऐकू येतो, इस्लामपूरकडे जाणाऱ्या एसटीत ऐकू येतो आणि आष्ट्याच्या स्टँडवर उतरून चहा घ्यावा तर तिथेही कोणीतरी तो काढतोच. एखाद्या मुलीने नाट्यपद जॅझच्या अंगाने गाऊन त्याचे रेकॉर्डिंग फोनवर सोडले की या मंडळींचा शेरा ठरलेला: मूळ ऐका हो, हे कसले ऐकता?

हा फतवा काढणारे स्वतःला परंपरेचे राखणदार समजतात. माझी पहिली तक्रार हीच की त्यांची ही परंपरा फार जुनी नाही. ती तबकडीबरोबर आली, बोलपटाबरोबर रुजली आणि कॅसेटच्या दुकानात मोठी झाली. त्याआधी आपल्याकडे एक गाणे एका गळ्याच्या मालकीचे असते असे कोणी मानत नव्हते.

आधी जॅझवाल्यांची रीत सांगतो, कारण शिव्या त्यांच्या नावाने दिल्या जातात. जॅझमध्ये ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात त्यांतली बरीच गाणी जॅझवाल्यांनी रचलेली नाहीत. ती ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली आणि हॉलिवुडच्या बोलपटांतली, बहुतेक १९२० ते १९५० या काळातली. नाटक पडायचे आणि गाणे तरायचे. जेरोम कर्नचे ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ हे नाटक १९३९ साली अवघ्या ५९ प्रयोगांत आटोपले. त्यातले ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे गाणे मात्र आजही जगभरचे जॅझ वादक रियाजाला घेतात. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ हे १९३७ च्या ‘बेब्ज इन आर्म्स’ नाटकातले. रंगमंचावर ते पहिल्यांदा गायले मिट्झी ग्रीन नावाच्या कोवळ्या नटीने. आज ते गाणे चेट बेकरचे म्हणून ओळखले जाते, सारा व्हॉनचे म्हणून ओळखले जाते. मिट्झी ग्रीनवर अन्याय झाला असे तिथे कोणी म्हणत नाही. एला फिट्झजेराल्डने १९५६ ते १९६४ या काळात एकेका रचनाकाराची गाणी घेऊन आठ ‘साँगबुक’ गायली. कोल पोर्टर, एलिंग्टन, गर्श्विन, अर्व्हिंग बर्लिन अशी ती मालिका. त्यांतली बहुतेक गाणी आधी अनेकांनी गाऊन झालेली होती. आमचे राखणदार तिथे असते तर तिच्या निर्मात्याला, नॉर्मन ग्रँझला, पत्र धाडले असते: मूळ ऐका.

याच एलाची १९६० सालची बर्लिनची मैफल प्रसिद्ध आहे. ‘मॅक द नाइफ’ गाताना तिला शब्दच आठवेनात. ती थांबली नाही. शब्द विसरल्याचेच शब्द जुळवत, लुई आर्मस्ट्राँगची नक्कल करत तिने गाणे तडीस नेले आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळाले. मूळ गाणे कुर्ट वाइलचे, ब्रेख्तच्या १९२८ च्या नाटकातले. ते नाटक जॉन गे याच्या १७२८ च्या ‘बेगर्स ऑपेरा’वरून घेतलेले, आणि त्या ऑपेरात लंडनच्या रस्त्यावरच्या लोकप्रिय चालींवर नवे शब्द बसवलेले. पु. ल. देशपांड्यांनी हीच गोष्ट १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणली आणि त्यात नंदू भेंडे यांच्या गळ्यातून रॉक संगीतही आले. अडीचशे वर्षांच्या या प्रवासात मूळ कुठल्या मुक्कामाला म्हणायचे?

पण लंडनपर्यंत जायला नको, सांगली पुरते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीत जन्मले. त्यांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ ला झाला. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि त्या त्यांनी काढल्या पूरबकडच्या ठुमऱ्या-दादऱ्यांवरून. म्हणजे राखणदार ज्याला मूळ म्हणून कवटाळतात ते जन्मालाच उसनवारीने आले. त्यात लाज कसली? अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ उभे केले ते कीर्तनाच्या, लावणीच्या, बायकांच्या गाण्यांच्या, कानडी मुलखातल्या चाली गोळा करूनच. ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदे बसवली. मराठी नाट्यसंगीताची सगळी इमारत पुन्हा गाण्यावर उभी आहे.

आता ‘मानापमान’चा नायक धैर्यधर घ्या. तो आधी नानासाहेब जोगळेकरांनी केला. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाले तेव्हा बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून केशवराव भोसले उभे होते. पुढे दीनानाथ मंगेशकरांनी त्याच नाटकातली पदे आपल्या आक्रमक, पंजाबी वळणाच्या ढंगात गायली आणि ती अशी काही गाजली की ऐकणाऱ्याला ती दीनानाथांचीच वाटावीत. तीन गळे, तीन तऱ्हा. मूळ म्हणजे पहिले, असे असेल तर ते जोगळेकरांचे. मग सांगा, जोगळेकरांचा आवाज आज किती जणांच्या कानात आहे? राखणदार ज्याची राखण करतात ते त्यांच्याच हिशेबाने दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे आहे.

आणि मिरजेचे खाँसाहेब. किराण्याच्या अब्दुल करीम खाँनी ‘चंद्रिका ही जणू’ची तबकडी काढली. ख्यालाचा एवढा मोठा गवई, मातृभाषा मराठी नाही, नाटकात काम केलेले नाही, आणि ‘मानापमान’मधले लोकप्रिय पद उचलून स्वतःच्या स्वरलगावाने गातो. नाटकातला धैर्यधर त्यात औषधालाही नाही, तिथे फक्त एक नाजूक, रेंगाळणारा सूर आहे. जॅझ गायिका लोकप्रिय गाण्याला जे करते तेच हे. ते केले आष्ट्यापासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या मिरजेच्या गवयाने. तेव्हा ते चालले, मग आता पियानो दिसताच सोवळे का आठवते?

यावर एक उत्तर हमखास येते. तबकडी आहे ना, पुरावा आहे. बालगंधर्वांचे पद कसे गायचे ते तबकडीत आहे. मला हा युक्तिवाद सर्वांत पोकळ वाटतो. ७८ गतीच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. नाटकात तेच पद वन्समोअर घेत घेत पाऊण तासही चालायचे, आणि वन्समोअर देणारा प्रेक्षक तेच पुन्हा ऐकायला देत नव्हता. या खेपेला काय नवी जागा निघते हे त्याला हवे असायचे. तबकडी म्हणजे त्या गाण्याचे कात्रण. कात्रणालाच ग्रंथ मानून पुढच्या पिढ्यांना ते घोकायला लावणे ही बालगंधर्वांची भक्ती नव्हे.

गीतरामायण तर याहून मजेशीर आहे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर ते वर्षभर चालले तेव्हा ५६ गाणी अनेकांनी गायली. माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक ही त्यांतली नावे. नंतर ध्वनिमुद्रिकांच्या संचात सुधीर फडक्यांनी सगळी गाणी एकट्याच्या आवाजात गायली, आणि आज महाराष्ट्राच्या कानात तोच संच आहे. सीतेचे गाणे फडक्यांच्या गळ्यातून ऐकून डोळे पुसणारा माणूस जेव्हा दुसऱ्याला ‘मूळ ऐका’ म्हणतो तेव्हा तो स्वतः पुनर्गायन ऐकत असतो. त्याला ते ठाऊक नसते, एवढेच.

मूळ कोणते हा प्रश्न आष्ट्यात एरवी कोणाला पडतही नाही. चौंडेश्वरी देवीच्या उत्सवातली भावई पिढ्यान्‌पिढ्या खेळली जाते, खेळणारी माणसे बदलत आली. भजनी मंडळात तुकोबांचा एकच अभंग एका गुरुवारी एका चालीत, दुसऱ्या गुरुवारी कोणा बुवांनी आणलेल्या नाटकी चालीत. येडेनिपाणीचे पी. सावळाराम आमच्याच वाळवा तालुक्यातले. सासरी निघालेल्या लेकीचे त्यांचे गाणे वसंत प्रभूंच्या चालीत लताबाईंनी गायले, आणि तेव्हापासून मांडवात ते बँडवाला क्लॅरिनेटवर वाजवतो, बेंजोवाला वाजवतो, नवरीची मावशी हुंदके देत गाते. मावशीला कोणी थांबवले नाही. थांबवतात ते फक्त विचार करून, मेहनत घेऊन, नव्याने गाणाऱ्याला. बेंजोला परवाना आणि डबल बासला बंदी, हा न्याय मला कळत नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला वेळ दिला पाहिजे. आपले भावगीत शब्दप्रधान आहे, यशवंत देवांनी त्यावर आयुष्य वेचले. जॅझमध्ये शब्दांची मोडतोड होते, तेव्हा हे दोन एकत्र नांदणार नाहीत, असे सांगितले जाते. हे सांगणाऱ्याने जॅझ म्हणजे नुसता सॅक्सोफोनचा कल्लोळ असे गृहीत धरलेले असते. बिली हॉलिडे ऐका. तिच्या आवाजाला पल्ला फार नव्हता, तानबाजी ती करत नसे. तिचे सगळे सामर्थ्य शब्द कधी टाकायचा यात होते. ताल पुढे जातो, ती शब्द मागे रेंगाळत ठेवते, आता सुटला असे वाटेपर्यंत, आणि मग तो असा ठेवते की साधे क्रियापदही जिव्हारी लागते. १९५८ च्या ‘लेडी इन सॅटिन’मध्ये आवाज पार गेलेला आहे, पुढच्या वर्षी ती वारलीच, पण त्या फाटलेल्या आवाजात शब्द न्‌ शब्द कळतो आणि पोचतो. सिनाट्राने श्वास कुठे घ्यायचा याचा विचार असा केला की वाक्य तुटू नये. आपल्या ठुमरीत बोलबनाव म्हणतात तो याहून फार दूरचा नाही: एकच शब्द घ्यायचा, वेगवेगळ्या कोनांतून त्याचा अर्थ काढायचा. शब्दप्रधानता हवी असेल तर ती या घरी मुबलक आहे. उलट आपल्याकडे चालीच्या मात्रेवर शब्द ठोकून बसवणारे भावगीतगायक किती आहेत, हे राखणदारांनी जरा मोजावे.

वाद्यांचा मुद्दा तर हसण्यावारी न्यावा असा आहे. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन होता, पायपेटी. ती काय पंढरपुरात तयार झाली? हार्मोनियम आपण इतके आपले केले की तिचे परदेशी नाव आता कोणाच्या कानाला खटकत नाही. आणि जॅझ तर मराठी माणसाने १९५१ मध्येच पचवला. ‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्यांच्या वाद्यवृंदात गोव्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवत होता, जो एरवी मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवायचा. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड या गोवेकरांच्या हातून हिंदी चित्रपटसंगीताची स्वररचना उतरली. ज्या ‘जुन्या सोनेरी’ गाण्यांचे सोवळे आपण पाळतो त्यांच्या अंगात हा जॅझ आधीच मुरलेला आहे.

हे सगळे म्हणताना एक गोष्ट मी राखणदारांच्या पदरात टाकतो. रागावर बेतलेल्या पदाखाली पियानोचे गच्च कॉर्ड लावले की राग गुदमरतो. एखादा स्वर आंदोलनावर जगत असतो आणि खालचा कॉर्ड त्याला खिळा मारून जागेवर बसवतो. असे रेकॉर्डिंग मीही ऐकून बंद केले आहे. डबल बास, ड्रमवर ब्रश आणि पियानोचे मोजके, विरळ स्वर, एवढ्यात बरेच काही होते. पण ही कारागिरीची तक्रार आहे. वाईट शिवला म्हणून सदरा शिवणेच बंद करा असे कोणी म्हणत नाही.

बाजारात पुनर्गायन म्हणून जे खपते ते बहुतांशी भिकार असते, हेही खरेच. ‘व्हॉइस ऑफ’ अमुक, ‘ज्युनिअर’ तमुक असे फलक लावलेले ऑर्केस्ट्रे, टीव्हीच्या स्पर्धांत लताबाईंचा श्वाससुद्धा जिथल्या तिथे घेणाऱ्या दहा वर्षांच्या मुली, आणि ‘अगदी तस्सं गायलीस’ म्हणून डोळे टिपणारे परीक्षक. राखणदार या नकलेकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, बघा, पुन्हा गायले की हे होते. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. ही नक्कल त्यांच्याच फतव्याच्या पोटी जन्मली. मूळ हेच अंतिम आणि त्याला धक्का लावणे पाप, असे एकदा ठरवले की नव्या गायकाला दोनच वाटा उरतात: गप्प बसणे किंवा नक्कल करणे. गप्प बसून पोट भरत नाही. नकलाकार आणि राखणदार एकमेकांची कितीही हेटाळणी करोत, दोघांचा धर्म एकच आहे.

या धर्माबाहेर पडलेला माणूस आपल्याकडे होऊन गेला, तोही सीमाभागातला. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. बालगंधर्व हयात असतानाच त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. दोघांच्या गळ्यांची जात किती वेगळी! बालगंधर्वांचा स्वर अखंड, घरंगळत जाणारा, लयीवर डुलणारा. कुमारांचे गाणे क्षयाच्या आजारानंतर लहान लहान, टोकदार फेकींचे, मध्येच शांततेचा तुकडा ठेवणारे. त्यांनी बालगंधर्वांचा आवाज काढला नाही. प्रत्येक पदात बालगंधर्व कुठे थबकतात, कोणता शब्द उचलतात, हे हेरून ते आपल्या गळ्याला जमेल तसे मांडले. मराठीतला स्टँडर्ड्सचा पहिला मोठा अल्बम मी यालाच म्हणेन, आणि अजून त्याच्या पुढे फार कोणी गेलेले नाही.

मंगेशकर घरातच तुलना करायला दोन संच सापडतात. लताबाईंनी १९९२ मध्ये ‘श्रद्धांजली’ काढली: सैगल, पंकज मलिक, रफी, मुकेश, किशोर, हेमंतकुमार यांची गाणी त्यांच्या आवाजात. सूर नेहमीसारखाच निर्दोष. पण मला तो संच फार अदबशीर वाटतो. कुठल्याच गाण्याशी त्या दोन हात करत नाहीत. सांगलीत जन्मलेल्या आशाबाईंनी २००५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटबरोबर राहुल देव बर्मन यांची गाणी पुन्हा गायली. बरीच गाणी त्यांनी स्वतःच पूर्वी गाजवलेली, म्हणजे मूळ त्यांचेच. ती उघडून चार तंतुवाद्यांच्या हवाली करताना त्या कचरल्या नाहीत. आवाज तिशीतला नव्हता, तो तसा भासवायचा आटापिटाही त्यांनी केला नाही. ज्या बाईने मूळ गायले तिलाच मुळाचे सोवळे नाही. मग ते पाळायचा मक्ता श्रोत्याकडे कोणी दिला?

राखणदारांना नकळत एक साथीदार मिळाला आहे, तो म्हणजे कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पूर्वी अशी सोय होती की मूळ ध्वनिमुद्रण निघाले की सूचना देऊन, रॉयल्टी भरून, कोणीही ते गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करावे. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजच्या कॅसेटींचा पूर आला तो याच फटीतून. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३१-सी आले. आता पाच वर्षे थांबायचे, वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ मोजायची, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत वा चालीत मालकाच्या संमतीशिवाय बदल करायचा नाही. म्हणजे नक्कल करणाऱ्याला, पैसे असतील तर, रस्ता मोकळा. नवा विचार करणाऱ्याला मालकाच्या दारात उभे राहणे आले. आष्ट्याची एखादी गायिका ५० हजार प्रतींचे पैसे कुठून आणणार? मोठ्या कंपनीला हे परवडते, म्हणून आपल्याला जुन्या गाण्यांची कंपनीनिर्मित, गुळगुळीत पुनरावृत्तीच ऐकायला मिळते.

सुदैवाने सांगलीचा खजिना या कुलुपात नाही. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. ‘शारदा’चे नाटककार देवल १९१६ मध्ये गेले, भास्करबुवा १९२२ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये, टेंबे १९५५ मध्ये. ‘शारदा’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ यांचे शब्द आणि या मंडळींच्या चाली आता सगळ्यांच्या आहेत. कोणाची परवानगी नको, रॉयल्टी नको, कॉर्ड कमी-जास्त केले म्हणून नोटीस नाही.

मला विचाराल तर सुरुवात ‘शारदा’पासून व्हावी. हरिपूरच्या देवलांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख पदांत घातले, आणि ती पदे रंगमंचावर पहिल्यांदा गायली ती लुगडे नेसलेल्या मुलाने. वरच्या पट्टीत, पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल अशा आवाजात. तीच पदे आज एखाद्या बाईने खालच्या पट्टीत, मायक्रोफोनला ओठ लावून, नुसत्या डबल बासवर, शब्द मागे रेंगाळत ठेवून गावीत. सव्वाशे वर्षांत त्या मुलीचे म्हणणे असे जवळून कोणी ऐकवलेले नाही. आणि ते ऐकूनही कोणी ‘मूळ ऐका’ म्हणालेच, तर भारतात तबकड्या निघायला लागल्या १९०२ मध्ये, ‘शारदा’ रंगभूमीवर आली १८९९ मध्ये. ते मूळ त्यांनीच कुठून तरी पैदा करावे.